'व्हेरी' आणि 'टू' यांतील फरक

खामगाव-मलकापूरचे आम्ही कापडवाले सुरत, इचलकरंजीहून माल मागवतो. पत्र असो की मोबाईलवरचा निरोप, 'फार' म्हणायचे असले की आम्ही कधी 'व्हेरी' लिहितो, कधी 'टू'. इंग्रजीत हे दोन्ही एक नव्हेत. 'व्हेरी' म्हणजे उर्दूतले 'बहुत'. 'टू' म्हणजे 'हद से ज़्यादा'.

'कलर इज व्हेरी डार्क' म्हणजे रंग खूप गडद आहे, इतकेच. 'टू डार्क' म्हणजे हवा त्यापेक्षा गडद झाला. ही तक्रार झाली. म्हणून माल पसंत पडला तर 'व्हेरी फाइन' लिहावे. 'टू फाइन' वाचून समोरचा समजेल की कापड नको तितके तलम आले, आणि पुढच्या वेळी जाडेभरडे पाठवील.

'टू कॉस्टली टू सेल' म्हणजे इतके महाग की विकणेच शक्य नाही. यातील पहिल्या 'टू'ला दोन 'ओ', दुसऱ्याला एक. 'टू मच कॉस्टली' मात्र चूक. 'टू मच' नामाआधी येते, जसे 'टू मच स्टार्च', म्हणजे खळ जास्त झाली.

तारीफ करताना 'व्हेरी', तक्रारीला 'टू', एवढे ध्यानात ठेवावे.