अंधार कोणत्या दिशेला आहे?

आकाशाची ओळख : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गच्चीवरून नक्षत्रे ओळखायला सुरुवात केली. रोहिणी, मृग, मघा, चित्रा, ज्येष्ठा शहरातूनही सापडतात. पुष्य मात्र सापडत नाही. गुरुपुष्यामृताच्या निमित्ताने ज्याचे नाव घरोघरी घेतले जाते, ते नक्षत्र पुण्या-मुंबईतल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते. कर्क राशीतले चौथ्या प्रतीच्या आसपासचे मंद तारे आणि त्यांच्यामध्ये धुरकट दिसणारा एक तारकापुंज, एवढाच त्याचा पसारा. मोठ्या शहराच्या उजळलेल्या आकाशात तिसऱ्या-साडेतिसऱ्या प्रतीपलीकडचे तारे बुडून जातात. खऱ्या अंधारात साधा डोळा सहाव्या प्रतीपर्यंत पोहोचतो. गच्चीवरून एका वेळी शंभर-दीडशे तारे दिसत असतील, तर अंधाऱ्या माळावरून दोन-अडीच हजार दिसतात. एवढा हा फरक आहे, आणि त्यासाठी रात्रभराचा प्रवास करावा लागत नाही.

जागा शोधायला निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो, किती लांब जायचे? मर्ल वॉकर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या उजेडाची मोजमापे घेऊन एक नियम मांडला. शहरामुळे आकाशाला येणारी चकाकी अंतराच्या अडीचाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट केले की ती साडेपाच पटींहून अधिक उतरते. नियम उपयोगी आहे, पण तो एकट्या शहराचा आहे. आपल्याकडे एका शहरापासून लांब जाताना आपण दुसऱ्या गावाच्या, एखाद्या एमआयडीसीच्या किंवा टोलनाक्याच्या जवळ जात असतो. म्हणून माझ्या मते किलोमीटर मोजण्याआधी दिशा ठरवावी. शहराची चकाकी त्याच बाजूच्या क्षितिजावर घुमटासारखी बसते. आपल्याला जे पाहायचे आहे त्या बाजूला हा घुमट नसला म्हणजे निम्मे काम झाले.

पुण्याचेच पाहू. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर जेमतेम तेवढाच असतो आणि त्या भागात साध्या डोळ्याला गमावण्यासारखे फार काही नसते. वैभव सगळे दक्षिणेला. हिवाळ्यात अगस्ती तिथे एकोणीस अंशांपर्यंत चढतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींच्या आत. मे महिन्यात संध्याकाळी त्रिशंकू मूठभर उंचीवर उभा असतो. वृश्चिक आणि धनु राशींमधला आकाशगंगेचा सर्वांत दाट भागही दक्षिणेकडेच. आता कोणी पुण्याच्या उत्तरेला चाकण-मंचरच्या बाजूने गेला, तर अंतर कितीही कापले तरी या सगळ्याच्या आड पुण्याचा उजेड येणार. तेव्हा पुणेकराने दक्षिणेला जावे आणि शहर पाठीशी घ्यावे.

त्यातही सरळ सातारा रस्त्याने जाऊन भागत नाही. नसरापूरपर्यंत कात्रज-सिंहगडाच्या रांगा पुण्याला बऱ्यापैकी आड घेतात, पण महामार्गाचे दिवे सोबत असतात आणि पुढे शिरवळच्या कारखान्यांचा उजेड नेमका दक्षिणेच्या अंगाला उभा राहतो. नसरापुरातून वेल्ह्याकडे वळले की चित्र बदलते. वेल्ह्याच्या पुढे केळदकडे वस्ती विरळ होते आणि पलीकडे घाटाची धार. भोरहून वरंध घाटाच्या वाटेवर हिरडोशीच्या खोऱ्यातही असेच आहे. तिथे दक्षिणेला रायरेश्वराचे डोंगर आडवे येतात आणि वाईकडचा उजेड अडवतात. मात्र डोंगर किती उंच दिसतो ते मुठीने मोजून घ्यावे. एका मुठीहून अधिक आकाश गिळणारी जागा त्रिशंकू पाहायला निरुपयोगी.

मुंबईकरांसाठी गणित वेगळे. शहर पश्चिमेला, त्यामुळे मावळतीचे आकाश गेलेच समजायचे. कर्जत मार्गावरच्या वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वर्षानुवर्षे होत आले आहेत. लोकलने जाता येणारी जागा ही त्याची मोठी सोय. बदलापूर वाढत वाढत त्याच दिशेने सरकल्याने वायव्येचा उजेड आता चांगलाच जाणवतो. तरीही पूर्वेकडून तारे उगवून वर येईपर्यंत वाट पाहायची तयारी असेल, तर तिथे रात्र सार्थकी लागते.

उपग्रहाच्या मोजणीवरून तयार केलेले प्रकाश-प्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर सहज मिळतात. ते जरूर पाहावेत, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. यातल्या बहुतेक नकाशांना माहिती पुरवणाऱ्या उपग्रहावरच्या उपकरणाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. गेल्या दशकात रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, आणि त्यांच्या प्रकाशात निळ्याचा वाटा मोठा असतो. हवेत विखुरतो तोही निळाच अधिक. नकाशावर जो तालुका आहे तसाच दिसतो किंवा सुधारल्यासारखा वाटतो, तिथले आकाश प्रत्यक्षात उजळलेले असू शकते.

शेवटी जागा पायांनीच शोधावी लागते. दिवसा जाऊन या. चौकातल्या, देवळापुढच्या हायमास्टची दिशा पाहून ठेवा. एक हायमास्ट थेट डोळ्यांवर येत असेल तर पन्नास किलोमीटरचा प्रवास वाया जातो, आणि तोच एखाद्या घराच्या किंवा बांधावरच्या झाडांच्या आड गेला तर तीच जागा उत्तम ठरते. धरणाच्या काठचा मोह टाळा. हिवाळ्यात तिथे दव लवकर पडते, धुके साचते आणि दुर्बिणीच्या काचा ओलावतात. पठार बरे. जमीनमालकाला विचारा, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना कल्पना द्या. वनखात्याच्या हद्दीत आणि संरक्षित गडांवर परवानगीवाचून रात्री थांबू नका.

गावकऱ्यांशी बोलण्याचा आणखी एक फायदा आहे. थंडीत शेतीपंपाची वीज रात्रपाळीने येते तेव्हा दारे धरायला शेतकरी कपाळाला बॅटरी बांधून निघतात. अशाच एका शेतकऱ्याने आमच्याजवळ येऊन आधी बॅटरी विझवली, कृत्तिका पाहिल्या आणि मग कुठला उजेड कशाचा ते अंधारात बोट दाखवत सांगितले. तो पोल्ट्रीचा, रात्रभर राहणार. तो लग्नाच्या मांडवाचा, बाराच्या आत जाईल. पलीकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला काहीच नाही. ही माहिती कुठल्याही नकाशावर नसते.

दिवस ठरवायला कालनिर्णय पुरेसे आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण रात्री नऊच्या सुमाराची. त्यानंतर चंद्र रोज पाऊण तासाहून अधिक उशिरा उगवतो. कृष्ण अष्टमीला मध्यरात्र होते. तेव्हापासून शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंतचे दिवस आपले. सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश पूर्ण जायला सव्वा तास लागतो. त्यानंतरही डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात, आणि एकदा मोबाइल उघडला की ती पहिल्यापासून मोजावी लागतात.

जागा कशी निघाली हे पुष्यच सांगेल. माघ-फाल्गुनात पुनर्वसु आणि मघा यांच्या मधोमध पाहा. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूवर नसतात. धुरकट ठिपका सहज दिसला तर जागा चांगली. दिवाळीच्या सुमारास हीच परीक्षा देवयानी दीर्घिका घेते. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात.

नागपूरकरांना मात्र एवढी शोधाशोध करायला नको. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथल्या गावांमधले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवण्यात आले. आपण निवडलेल्या गावातही सरपंचांकडे ही मागणी करता येते. हायमास्टला वरून झाकण आणि दिव्याचे तोंड खाली, एवढेच सांगायचे. उजेड चौकातच पडतो, तेव्हा गावाचे काही जात नाही.

पुढच्या आठवड्यात : पहिली द्विनेत्री घेताना.