प्रत्यक्ष आणि अनुमान : इंद्रियांची साक्ष कशी तपासावी?

मनुष्यास बाह्य जगाचे ज्ञान डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा या पाच इंद्रियांच्या द्वारे होते. वैज्ञानिक निरीक्षणाचा आरंभ येथूनच होतो. परंतु इंद्रियांना जे कळले आणि त्यावरून मनाने जे ठरविले, या दोहोंत भेद आहे. बौद्ध तर्कशास्त्राने हा भेद अत्यंत स्पष्टपणे मांडला आहे.

आचार्य दिङ्नागांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. ग्रंथवचनास स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. त्यांच्या मते प्रत्यक्ष म्हणजे कल्पनारहित ज्ञान होय. सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्तींनी त्यास ‘अभ्रांत’ हे विशेषण जोडले. कारण इंद्रियेही फसतात. वेगाने फिरविलेले कोलीत अग्निचक्र भासते. चालत्या नावेतून काठावरची झाडे चालताना दिसतात.

अनुमानाच्या हेतूला या आचार्यांनी तीन कसोट्या लावल्या. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, असे आपण म्हणतो. येथे धूर हा हेतू. तो डोंगरावर खरोखर असला पाहिजे. स्वयंपाकघरासारख्या अग्नीच्या ठिकाणी आढळला पाहिजे. आणि सरोवरासारख्या, जेथे अग्नी नाही अशा ठिकाणी कधीही आढळता कामा नये. या तिसऱ्या कसोटीकडेच बहुधा दुर्लक्ष होते.

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी वार्ता देशभर पसरली व देवळांपुढे रांगा लागल्या. मूर्तीला टेकविलेल्या चमच्यातील दूध कमी होत होते, हे निरीक्षण खरेच होते. ‘मूर्ती दूध प्याली’ हे मात्र अनुमान होते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीतील एका मंदिरात रंग मिसळलेले दूध वापरले. तेव्हा चमच्यातून गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरत असल्याचे दिसले. पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते व गुरुत्वाकर्षणामुळे खाली ओघळते. वाचकांनी ओल्या वरवंट्याला काठोकाठ भरलेला चमचा किंचित कलता टेकवून पाहावा. जेथे पिणारा कोणीच नाही तेथेही दूध कमी होत असेल, तर तो हेतू तिसऱ्या कसोटीस उतरत नाही.

हीच कसोटी आपण जातीला लावू या. मनुष्याचा वर्ण डोळ्यांना दिसतो, आवाज कानांना ऐकू येतो, स्पर्श त्वचेला कळतो. जात मात्र कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. नाव, वस्त्र वा व्यवसाय यांवरून ती ताडली जाते. आणि तेवढ्या अनुमानावरून माणसाला पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. जातीच्या अभिमानाची गणना धर्मकीर्तींनी बुद्धीच्या जडतेच्या पाच लक्षणांत केली, ती यथार्थच होय.

म्हणून मुलांना विज्ञान शिकविताना आपण वहीच्या पानाचे दोन भाग करावयास सांगावे : एका बाजूस ‘काय कळले’ आणि दुसऱ्या बाजूस ‘त्यावरून काय ठरविले’. या दोन रकान्यांची सरमिसळ न होऊ देणे, हीच चिकित्सक बुद्धीची पहिली पायरी होय, असे आम्हांस वाटते.