सुभेदार साहेबांची जखम आणि संगणकातलं सँड मॉडेल

आजचा विषय एका फोनवरून सुचला. माझ्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार साहेब, गाव सातारा जिल्ह्यात. म्हणाले, "साहेब, बत्तिसाव्या वर्षी मांडीत छर्रा घुसला होता, महिन्याभरात जखम भरली. आता बुटानं तळपायाला फोड आला, तर चार महिने झाले, भरायचं नाव नाही. डॉक्टर दर आठवड्याला खरवडतात. जी भरत नाही ती आणखी कशाला खरवडायची?" त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. मी डॉक्टर नाही, पण प्रश्न चोख होता, म्हणून वाचायला बसलो.

आधी साधी जखम घ्या. कातडी फाटली की काही मिनिटांत प्लेटलेट रक्त थांबवतात. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात. हे आधी लढतात, मेलेल्या पेशी गिळून साफ करतात आणि मग आपलं काम बदलून बांधकामाचे हुकूम सोडतात. त्या हुकमावर फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणतात. सुरुवातीची लाली, सूज, ठणका, याला आपण दाह म्हणतो.

दाह शत्रू नव्हे. तो नसेल तर जखम भरणारच नाही. घोटाळा होतो तो दाह थांबला नाही तर. लढणाऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांनी आपल्याच पेशीही मरतात. मेलेल्या पेशी धोक्याचा इशारा देतात, इशारा ऐकून आणखी लढवय्ये येतात, ते आणखी पेशी मारतात. असं हे चक्र. ते विझेल की भडकेल हे नुसतं डोक्यात मांडून सांगता येत नाही, कारण शेकडो गोष्टी एकाच वेळी एकमेकींना ढकलत असतात.

फौजेत हल्ल्याआधी आम्ही जमिनीवर सँड मॉडेल करायचो. माती, लाकडाचा रंगवलेला भुसा, चुन्याच्या रेघा. "शत्रू इथून आला तर?" हा प्रश्न तिथे विचारायचा, जवानांचं रक्त सांडायच्या आधी. शास्त्रज्ञांनी दाहाचं असंच मॉडेल संगणकात केलं आहे. एक पद्धत समीकरणांची: जंतू किती, लढणाऱ्या पेशी किती, नासधूस किती, आणि एक वाढलं की दुसरं किती वेगानं वाढतं किंवा घटतं. दुसरी पद्धत मला जास्त आवडली. पडद्यावरची प्रत्येक पेशी म्हणजे एक जवान. त्याला दोन-चार साधे हुकूम दिलेले: इशारा मिळाला तर तिकडे सरक, जंतू दिसला तर गिळ, अमुक रसायन सोड. मग घड्याळ चालू करायचं आणि बघत बसायचं.

याचा उपयोग काय? जंतुसंसर्गामुळे शरीराचा दाह हाताबाहेर जातो, त्याला सेप्सिस म्हणतात. टीएनएफ हे दाह भडकवणारं एक रसायन. ते अडवलं की रुग्ण वाचेल, अशी एकेकाळी मोठी आशा होती. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तसं औषध मोठ्या मात्रेत दिलेल्या रुग्णांत मृत्यू उलट जास्त दिसले. पुढे गॅरी ॲन या अमेरिकन शल्यविशारदांनी संगणकातल्या रुग्णांवर अशा चाचण्या पुन्हा घडवल्या, शिवाय काही कल्पनेतले उपचारही करून पाहिले. 2004 साली त्यांनी निष्कर्ष मांडला. एकाही उपचारानं ठोस फायदा झाला नाही. मला हे निराशेचं वाटत नाही. वाळूवर हरलेली लढाई स्वस्तच पडते.

आता सुभेदार साहेबांचा पाय. पिट्सबर्गला योराम वोदोवोत्झ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली जखमेचं जवान-पद्धतीचं मॉडेल प्रसिद्ध केलं. आधी निरोगी कातडीची जखम पडद्यावर नीट भरते ना, हे तपासलं. मग मधुमेही पायासाठी टीएनएफ वाढवून किंवा टीजीएफ-बीटा हे दुरुस्तीचं रसायन कमी करून पाहिलं. जखम रेंगाळली. खरवडून मेलेलं मांस काढलं, तसं भरणं सुधारलं. वर सांगितलेलं चक्र आठवा: मेलेल्या पेशी हाच इशाऱ्याचा उगम. तो काढला की कुमक येणं कमी होतं.

अर्थात मॉडेल म्हणजे पाय नव्हे. मधुमेहात नसा बधिर होतात, रक्तपुरवठा घटतो, आणि मॉडेलमध्ये जे घातलंच नाही ते त्यातून बाहेर येणार नाही. आमच्या सँड मॉडेलवरही नाल्यातलं पाणी कधी दिसायचं नाही, आणि प्रत्यक्षात जवान कमरेपर्यंत बुडायचे. शिवाय वेगवेगळे आकडे घालून तोच आलेख काढता येतो, त्यामुळे खऱ्या रुग्णांशी ताडून पाहिल्याशिवाय यावर उपचार ठरवू नयेत.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. सुभेदार साहेब म्हणाले, "म्हणजे खरवडतात ते शत्रूची कुमक तोडायला. पटलं." मग मी विचारलं, तळव्यावरचा दाब काढायला डॉक्टरांनी खास चप्पल दिली असेल ना? थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दिलीय साहेब. कपाटात आहे. आयुष्यभर बूट घातलेत, चपलेत फिरायला लाज वाटते." त्या चपलेवरून आमची पुढची वीस मिनिटं गेली, आणि शेवटी वहिनींनी फोन हातात घेऊन सांगितलं की उद्यापासून बूटच कपाटात जाणार.