समुद्र सोडून गुहेत गेलेला कृमी

पावसाळ्यात अंगणात निघणारे गांडूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या अंगावर बांगड्या भरल्यासारखी वलये असतात. ओहोळात पायाला चिकटणारी जळू, तीही याच गोतातली. या सर्वांना वलयांकित प्राणी म्हणतात.

त्यांची जुनी वाटणी सोपी होती. अंगावर राठ केस पुष्कळ, तो बहुरोमी; थोडे, तो अल्परोमी; आणि जळवांची पंगत वेगळी. बहुरोमी बहुतेक समुद्रात राहतात, अल्परोमी मातीत आणि गोड्या पाण्यात. आता सांगा, गुहेतल्या गोड्या पाण्यात एखादा बहुरोमी निघाला, तर?

तसा तो निघाला आहे. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेस स्लोवेनियापासून हर्जेगोविनापर्यंत चुनखडीचे डोंगर आहेत. पाणी तेथे जमिनीखालून वाहते. त्या अंधारात मारिफुगिया कावाटिका हा आंधळा, बिनरंगी कृमी राहतो. आबसोलोन आणि ह्राबे या शास्त्रज्ञांनी १९३० साली त्याचे वर्णन केले. नावाचा अर्थच मुळी ‘समुद्रातून पळालेला’! समुद्रातल्या भाईबंदांप्रमाणे तो चुन्याची बारीक नळी बांधतो आणि डोक्यावरच्या तुऱ्याने पाण्यातले अन्नकण टिपतो. खडकावर अशा नळ्यांचे थरच्या थर चढतात.

पण हा आला कोणत्या घराण्यातून? त्याच्या नळीला झाकण नाही. म्हणून नुसते रूप पाहून निकाल लागेना. २००९ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, तपासणी प्रसिद्ध झाली. तेव्हा खाड्यांच्या मचूळ पाण्यात राहणारा, झाकण असलेला फिकोपोमाटस हा त्याचा जवळचा सोयरा ठरला. म्हणजे वाट अशी दिसते: खारे पाणी, मग मचूळ, मग गोडे, आणि वाटेत कुठेतरी झाकण गळाले.

याच कसोटीने आपल्या गांडुळाचीही वंशावळ बदलली. गांडूळ आणि जळू ही वेगळी घराणी नव्हेत. बहुरोमींच्याच झाडाच्या त्या फांद्या आहेत, आणि जळू तर अल्परोमींमधूनच फुटली आहे. तेव्हा ‘बहुरोमी’ हे आता कुळाचे नाव राहिले नाही, ते केवळ वर्णन झाले. कोण कुठे राहतो आणि कसा दिसतो, यावरून नाते ठरत नाही. पूर्वज कोण, यावरून ठरते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हर्जेगोविनातल्या त्रेबिश्नित्सा नदीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेसाठी धरणे झाली, तिच्या पात्राला काँक्रीटचे अस्तर बसले, आणि पोपोवो खोऱ्यातले पूर ओसरले. वरचे पाणी वळले की खालच्या गुहांचेही पाणी बदलते. पाणी तुटले, तर भिंतीवर उरतील त्या रिकाम्या नळ्या. समुद्र सोडून आलेल्या या कृमीला मग पळायला दुसरी जागा नाही.