सुखोई-७ : एक परतला, दुसरा बेपत्ता

१९७१च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या भात्यात सोव्हिएत बनावटीचे सुखोई-७ हे लढाऊ बॉम्बफेकी विमान होते. एकच इंजिन, एकच आसन. इंधनाचा खप प्रचंड, त्यामुळे पल्ला तोकडा; सांगाडा मात्र कमालीचा दणकट. दिवसाउजेडी जमिनीलगत उडत शत्रूचे तळ, रणगाडे आणि रेल्वेमार्ग यांवर मारा करणे हे त्याचे काम. साहजिकच विमानवेधी तोफांच्या तोंडी ते वारंवार सापडले. विमान पडले, की आत असलेल्या एकट्या वैमानिकाचे काय झाले हे सांगणारा दुसरा कोणी उरत नसे.

दोन मराठी वैमानिकांचे प्राक्तन या विमानाशी जोडले गेले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबरला पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह भिंतीला भगदाड पाडून ते निसटले. पेशावरमार्गे तिघे लंडी कोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सीमा अवघ्या काही मैलांवर होती. तेथे त्यांनी 'लंडी खाना'ची वाट विचारली आणि घात झाला. नकाशावर दिसणारे ते रेल्वेस्थानक १९३२मध्येच बंद पडले होते! स्थानिकांना संशय आला, तिघे पकडले गेले. तरीही बंदी म्हणून त्यांची नोंद झालेली होती, ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून ते मायदेशी परतले. परुळकरांचे २०२५मध्ये निधन झाले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्या वाट्याला ही नोंद आली नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. ढाक्याच्या 'संडे ऑब्झर्व्हर'ने पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' हे नाव छापले होते. हे तांबेच, असे कुटुंबीयांचे म्हणणे. जिनिव्हा करारानुसार बंदी करणाऱ्या देशाने प्रत्येक युद्धकैद्याचे नाव कळवणे बंधनकारक असते. नाव यादीतच नसेल, तर परत मागायचे तरी कोणाला? भारताने ९० हजारांहून अधिक पाकिस्तानी बंदी सोडले, तेव्हाही हा प्रश्न तसाच राहिला.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. बेपत्ता ५४ जणांच्या नातेवाइकांसह त्यांनी दिल्लीत सरकारदरबारी दशकानुदशके पाठपुरावा केला. आपल्याकडे असा एकही युद्धकैदी नाही, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली. १९८३मध्ये काही नातेवाइकांना मुलतानचा तुरुंग दाखवण्यात आला. २००७मध्ये चौदा जणांच्या गटाने तेथील आणखी तुरुंग पाहिले. कोणीही सापडले नाही.