बऱ्हाणपूरचा विद्यार्थी

शके १९४७ चा गुढीपाडवा ३० मार्च २०२५ रोजी आला आणि दुसऱ्याच दिवशी रमजान ईद. दोन्हीकडचा महिना एकाच चंद्रावर मोजला जातो. आपण अधिक मास धरून ऋतूंशी मेळ घालतो, ते धरीत नाहीत, म्हणून त्यांचे सण वर्षभर फिरत राहतात. असो. पाडव्याच्या सायंकाळी वाकड येथे श्रीम्हातोबाच्या देवळात आमचे कीर्तन होते. चैत्री पौर्णिमेचे बगाड पंधरवड्यावर आलेले. हिंजवडीहून ते वाकडास आणावयाचे, त्यामुळे गावात लगबग होती. आरती आटोपून उपरणे घडी करीत होतो, तोच पायरीशी एक परिचित गृहस्थ उभे दिसले. चाकणच्या कारखान्यात नोकरी, मूळ गाव रावेरच्या बाजूचे, धर्माने मुसलमान. त्यांचा मुलगा शाळेत असताना आमच्यापाशी संस्कृत शिकला होता.

"बुवा, उद्या घरी या. पोरगा कैरोला शिकायला जायचं म्हणतोय. त्याच्या आईला काही सुचेनासं झालंय."

आम्ही गेलो. वाकडची शेते आम्ही पाहिली आहेत. आता तेथे नवव्या मजल्यावर शिरखुर्मा खाल्ला. (पथ्य मोडले, हे आमच्या घरी कळू नये, पण वर्तमानपत्रात लिहिल्यावर ते कसचे लपते!) उद्वाहकात एका शेजाऱ्याने आम्हांस हळूच विचारले होते, "तिकडे जाऊन पोरगा काय शिकून येईल, याचा भरवसा आहे का?" खरे सांगावयाचे तर तीच शंका आमच्याही मनात येऊन गेली होती, आणि तिची आम्हांस लाज वाटली.

मुलगा पदवीधर आहे. अरबी व्याकरण त्याने पुण्यात केले. इस्लामचे अध्ययन त्याला कैरोच्या अल्-अजहरात करावयाचे आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकात फातिमी खलिफांनी बांधलेल्या मशिदीत ही विद्यापीठपरंपरा सुरू झाली. देवबंद, लखनौ येथे मोठी विद्यालये आहेत, मग समुद्रापार कशाला, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "बुवा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हनफी न्याय शिकवतात, कोकणात शाफई. तिथे चारही मजहब शेजारी शेजारी शिकवले जातात. तुम्हीच सांगायचात ना, पूर्वपक्ष नीट कळल्याशिवाय सिद्धांत कळत नाही."

आमचेच वाक्य आमच्यावर उलटले. पुढे तो 'इजाजा'विषयी बोलला. गुरूसमोर बसून ग्रंथ अक्षरशः वाचावयाचा, चूक झाली तर थांबावयाचे, आणि तो निर्दोष झाला म्हणजे गुरू पुढे शिकविण्याची अनुज्ञा देतो. त्या अनुज्ञापत्रात गुरूचा गुरू, त्याचा गुरू, अशी नावांची मालिका असते. आम्हांस बृहदारण्यकातील वंशब्राह्मण आठवले. तेथेही अमुक हा तमुकापासून शिकला अशी नावांमागून नावे येतात, आणि पुष्कळ विद्यार्थी तो भाग कंटाळवाणा म्हणून वगळतात. या मुलाने तो वगळला नव्हता.

इतका वेळ गप्प असलेले वडील म्हणाले, "ते सगळं खरं, बुवा. पण असा गेलेला माणूस परत येतो का?"

त्यांचे गाव रावेरकडचे, म्हणून आम्ही शेजारच्या बऱ्हाणपूरचेच आख्यान लावले. तापीकाठचे हे नगर फारूकी सुलतानांनी वसविले आणि खुलताबादेस ज्यांची समाधी आहे त्या बुर्‍हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. तेथे इ. स. १४८० च्या सुमारास अली मुत्तकी जन्मले. मुलतानास शिकले, गुजरातेत राहिले, आणि हुमायूनच्या स्वारीने गुजरात ढवळून निघाले त्या सुमारास मक्केस गेले. वय पन्नाशी ओलांडलेले! ज्या वयात माणूस शिष्य गोळा करतो, त्या वयात हे गृहस्थ पुन्हा शिष्य होऊन बसले. जलालुद्दीन सुयूतींनी पैगंबरवचनांचा अफाट संग्रह केला होता, पण हवे ते वचन त्यात सापडणे दुष्कर. मुत्तकींनी तो विषयवार लाविला; तोच 'कन्झुल् उम्माल', ४६,०००हून अधिक वचनांचा. त्यांचे गुरू अबुल हसन बक्री म्हणत की सुयूतींनी जगास उपकृत केले आणि मुत्तकींनी सुयूतींस. इब्न हजर हैतमी यांच्यापाशी ते शिकले, आणि पुढे हैतमींनीच त्यांचे शिष्यत्व पत्करले, असे चरित्रकार लिहितात. मुत्तकी स्वहस्ते शाई तयार करून विद्यार्थ्यांना देत, अशीही नोंद आहे. ही शाईची गोष्ट आम्हांस त्या ४६,००० वचनांहून अधिक भावते.

"आणि परत?" वडिलांनी विचारले.

येथे खोटे बोलणे आम्हांस जमले नाही. मुत्तकी १५६७ साली मक्केतच निवर्तले. परंतु त्यांचे शिष्य अब्दुल वह्हाब मुत्तकी यांच्याकडे दिल्लीचे अब्दुल हक शिकावयास गेले, त्यांना तेथेच राहावेसे वाटू लागले, तेव्हा गुरूंनीच त्यांना मायदेशी जाण्यास सांगितले. दिल्लीस परतून त्यांनी आयुष्यभर हदीस शिकविली.

आमचेही सांगितले. सतराव्या वर्षी आम्ही काशीस गेलो आणि सहा वर्षे राहिलो. मातोश्री गेल्याची तार तिसऱ्या दिवशी हाती पडली. परतलो तेव्हा गाव तेच होते, पण आमचे उच्चार, आमचा स्वयंपाक, सगळे बदलले होते. वडिलांनी काही दिवस आम्हांस 'अहो' म्हटले. त्याचे दुःख आजही आहे. मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने काहीच म्हटले नाही. आमची वाटी मात्र पुन्हा भरली.

निघण्यापूर्वी मुलाने एक मागणे केले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. राजा अली खान म्हणजेच आदिलशाह फारूकी याने ही मशीद बांधविली. त्या लेखात प्रारंभी सृष्टिकर्त्यास वंदन, मग फारूकींची वंशावळ, आणि पुढे विक्रम संवत् १६४६, शके १५११ ही मिती पंचांगासह दिलेली आहे. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! त्याला ते आमच्याबरोबर वाचावयाचे होते.

ज्येष्ठात आम्ही तिघे गेलो. ऊन रणरणत होते. मुलाने अरबी ओळी वाचल्या, आम्ही संस्कृत; एका संधीपाशी आम्ही अडखळलो, तेथे त्याने तो सोडवून दिला. वडील टोपी सावरीत कधी त्याच्याकडे, कधी आमच्याकडे पाहत होते.

परतीच्या गाडीत भुसावळ मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "बुवा, तुमचं पत्र काशीहून घरी यायला किती दिवस लागायचे?"

"आठ दिवस."

"याचं तर रोज तोंड दिसेल," ते म्हणाले, आणि खिशातील फोन काढून त्यांनी मुलाला विचारले की कैरोत आणि वाकडात घड्याळाचा फरक किती.