कांगारूंच्या शेजारी राहताना

१७७० साली कॅप्टन जेम्स कुक याच्या जहाजावरील मंडळींनी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ज्या प्राण्यास विस्मयाने पाहिले, तो कांगारू आज कॅनबेरा या राजधानीच्या वस्तीलगतच्या माळांवर निर्धास्त चरताना दिसतो. नोकरीनिमित्त तेथे वास्तव्यास गेलेले मराठी कुटुंब आरंभी प्रत्येक कळपापाशी थबकते, छायाचित्रे स्वदेशी धाडते. परंतु कालांतराने त्याच कळपावरून त्याची नजर सहज पुढे सरकते. हा मज्जासंस्थेचा स्वभावच आहे: जे पुनःपुन्हा दिसते आणि ज्यापासून ना अपाय ना लाभ, त्याची दखल घेणे मेंदू हळूहळू सोडून देतो.

मात्र ही बेफिकिरी तेथे जिवावर बेतू शकते, कारण पहाटे व तिन्हीसांजेला रस्ता ओलांडणारे कांगारू अकस्मात मोटारीसमोर येतात. शिवाय नवलाई ओसरली, म्हणून जिज्ञासेचा अंमलही संपावा असे नाही. तेथील करड्या कांगारूचे एका ग्रॅमहूनही हलके, दृष्टिहीन पिल्लू जन्मताच स्वतःच्या बळावर मातेच्या पिशवीपर्यंत चढते आणि सुमारे ११ महिने तिच्या आश्रयाने वाढते, हे ज्याने जाणून घेतले, त्याला नित्याच्या कळपातही पाहण्याजोगे पुष्कळ उरते.